प्रतापपुऱ्यातले घर आणि त्यातली दोन कुत्री

मी, यादव शंकर महाजन, वय वर्षे बासष्ट, पूर्वी एका संस्थानाच्या शिकारखान्यात कुत्र्यांचा दारोगा, हल्ली दर रविवारी कुत्री पाळणाऱ्यांचा वर्ग चालवणारा, राहणार प्रतापपुरा, बुऱ्हाणपूर, जिल्हा निमाड, मध्यप्रदेश, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवीत आहे. मन ठिकाणावर आहे असे मात्र म्हणवत नाही. आज सकाळी आठ वाजता जे घडले, त्याने ते अंगणभर उड्या मारीत आहे. अर्जनवीस लीलाधर लेखणी घेऊन समोर बसले आहेत. ते म्हणतात, "यादवराव, आनंदाच्या भरात असा कागद करू नये." मी म्हणतो, आनंदातच करावा. दसऱ्याला रागाच्या भरात केला असता, तर माझा चुलत पुतण्या गिरधर याला काडीही मिळाली नसती.

घडले ते असे. आज वर्गाला एकोणीस माणसे आणि चौदा कुत्री होती. त्या सगळ्यांदेखत या घरची दोन कुत्री, माझा जर्नेल आणि माझ्या भावजयीचा खंड्या, मोकळी सोडली. दोघांनी अंगणाच्या दोन कोपऱ्यांत बसून आपापली भाकर खाल्ली. मग मधोमध आले, एकमेकांचा वास घेतला आणि लिंबाखाली पाठीला पाठ लावून आडवे झाले. अडीच वर्षांत हे पहिल्यांदा घडले. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि ते मी वर्गापासून लपवले नाही.

कलम पहिले. हा कागद आत्ताच का, याविषयी. दसऱ्याआधीच्या रविवारी वर्ग चालू असताना माझ्या छातीत कळ आली आणि मी पडलो. शिट्टी वाजेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही, असे मीच सर्वांना बजावलेले. शिट्टी माझ्या तोंडात होती आणि वाजवण्याइतका दम उरला नव्हता. सगळ्यांना वाटले, मास्तर नवा धडा दाखवतात. माणसे आणि कुत्री, दोघेही शिस्तीत बसून राहिले. इतका चांगला वर्ग मी आयुष्यात घेतला नव्हता. भावजय सोजरबाई स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, म्हणून हे लिहायला मी उरलो.

तिसऱ्या दिवशी शाहपूरहून गिरधर भेटीला आला. हातात केळ्यांचा घड आणि खिशात मोजफीत. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. त्याने ओसरी मोजली, माजघर मोजले आणि सोजरबाईंना म्हणाला, "काकी, तुम्ही तुकईथडला माहेरी जाल तवा ते गावठी कुत्रं घेऊन जा. शिकारीवाल्याले मी गिऱ्हाईक पाहतो." तो गेल्यावर मी वकिलाकडे माणूस पाठवला. उत्तर आले की, मी लग्न केले नाही, मला मूलबाळ नाही, तेव्हा कागद न करता गेलो तर घर गिरधरकडे जाईल. धाकट्या भावाच्या विधवेचा त्यावर कायद्याने काही हक्क नाही. बावीस वर्षे जिने हे घर सारवले, तिला गिरधरने ठेवले तर राहायचे, नाही तर नाही.

कलम दुसरे. घराविषयी. हे घर मी सन १९२८ साली माझ्या पगारातून घेतले. वडिलार्जित यात एक वीटही नाही. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस तेलघाण्याची भिंत, जिच्यावरचे मांजर आमच्या वर्गाची पुष्कळ विद्या वाया घालवते. उत्तरेस बोळ. दक्षिणेस शेजाऱ्यांची विहीर, जिचे पाणी आम्हांला मिळते आणि बोलणीही मिळतात. मी नोकरीवर असल्यामुळे धाकटा भाऊ विनायक बायकोसह येथे राही. सन १९४१ मध्ये तो तापाने गेला. त्यानंतर सात वर्षे सोजरबाईंनी एकटीने घर राखले. सोबतीला माहेराहून वडिलांनी पाठवलेले एक पिल्लू होते. तोच हा खंड्या.

कलम तिसरे. माझ्या मागे हे घर दोन्ही कुत्र्यांच्या देखभालीसाठी म्हणून सोजरबाई विनायक महाजन यांच्या ताब्यात राहावे. कुत्री हयात असेतोवर सोजरबाईंना घरातून कोणी उठवू नये. त्यानंतर घर गिरधरचे. हे कलम मी फार हुशारीने घातले आहे. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीला घर दिले, असे म्हणायला गल्लीला जागाच उरत नाही. कुत्र्यांना दिले, असे म्हणतील. म्हणोत.

कलम चौथे. कुत्र्यांच्या भांडणाविषयी. हे कलम लांबेल. लीलाधर यांनी आधीच सुस्कारा टाकला आहे.

संस्थान विलीन झाले त्या साली एक अधिकारी शिकारखान्याची यादी करायला आला. खुर्च्या, बंदुका, सतरंज्या झाल्यावर त्याने माझी साठ कुत्री "किरकोळ सामान" या सदरात घातली. हा शब्द मी त्याला माफ केलेला नाही आणि या कागदाद्वारेही करीत नाही. महाराजांना तनखा मिळाला, कुत्र्यांना मिळाला नाही. ती वाटेल त्याने वाटेल तशी नेली. जर्नेल तेवढा मी स्वतःच्या तिकिटाशेजारी त्याचे तिकीट काढून बुऱ्हाणपूरला आणला.

जर्नेलला विलीनीकरण कोणी सांगितले नव्हते. तो दारात शिरला तो सरकारस्वारी आल्यासारखा. खंड्या उंबऱ्यावर बसला होता आणि त्याला मान देणे ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी जर्नेलचा कान फाटला, दुसऱ्या दिवशी खंड्याची मांडी. मी खंड्याला गावठी, अडाणी, बेशिस्त म्हटले आणि साखळीला बांधले. सुटला की पुन्हा तेच. एकदा दोघे जुंपले तेव्हा मी मधे उभा राहून दारोग्याच्या तोऱ्यात शिट्ट्या फुंकीत होतो. सोजरबाई सोडवायला धावल्या आणि त्यांच्या उजव्या हाताचे बोट दाताखाली सापडून फुटले. मी काय केले? भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "कुत्र्यांत बायकांनी पडू नये." ते बोट आजही नीट मिटत नाही. या गोष्टीची मला लाज वाटते.

भिंतीकडे तोंड करून, याचा खुलासा. आमच्या घराण्यात भावजय भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, दाराआडून वावर. घरात तिसरे माणूस असले तर त्याच्या मार्फत बोलणे. आमच्या घरी तिसरे माणूस नव्हते, म्हणून सोजरबाई खंड्याशी बोलत. "खंड्या, सांग त्याहिले, आंघोळीचं पाणी तापलं." "खंड्या, सांग, तांदूळ सरले." मी पाणी घेई, तांदूळ आणी. पण कुत्र्याला सांगितलेल्या ज्या गोष्टी कामाच्या नसत, त्या मी कानाआड करी. दोन वर्षे त्या रोज संध्याकाळी, मी बाहेरून परतलो की, एकच वाक्य म्हणत होत्या. मी ते दोन वर्षांनी ऐकले.

"खंड्या, भाकर एक अन् तोंडं दोन. भांडशीन नही तं काय करशीन?"

शेवटची भाकर कुत्र्याची, हा आपला रिवाज. घरची जेवणे उरकली की मागल्या दारातून ती अंगणात टाकायची. खंड्या एकटा होता तोवर ठीक. जर्नेल आल्यावरही भाकर एकच राहिली, कारण घरात कर्ता मी, आणि दुसरी थापू का हे विचारायची सोय सोजरबाईंना नव्हती. मी त्या वेळी चौकात गप्पा ठोकत असे. रोज संध्याकाळी त्या एका भाकरीवरून दिवसभराचे वैर ताजे होई. आणि मी, एकोणतीस वर्षांचा अनुभवी दारोगा, रक्त, जात, खानदान असली कारणे शोधत होतो.

येथे एक कबुली देतो, ती वर्गातल्या सर्वांनी वाचावी. संस्थानात प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली, वेगळे ताट, वेगळा नोकर होता. साठ कुत्र्यांचा दारोगा म्हणून मी मिरवलो, पण दोन कुत्री एका अंगणात मोकळी ठेवण्याचे काम मला कधी पडलेच नव्हते. मी रविवारचा वर्ग सुरू केला तेव्हा खंड्याला मागच्या खोलीत कोंडून पुढे जर्नेलची ऐट दाखवीत असे. नेपानगरच्या बांधकामावरचे राखणदार, शाहपूरचे बागाईतदार माझ्याकडून शिकून जात, आणि मागून दार ओरबाडल्याचा आवाज आला की मी म्हणे, "घुशी फार झाल्यात."

कलम पाचवे. वर्गाविषयी. येथे जे काही खरे शिकवले जाते, ते सर्व सोजरबाईंचे आहे. भाकरी दोन, कोपरे दोन, आधी नाव मग घास. जुंपली तर शिट्टी नाही, हात नाही, मधे गोणपाट टाकायचे किंवा बादलीभर पाणी ओतायचे. हे सगळे त्यांनी खंड्याला सांगितले आणि मी वर्गाला माझे म्हणून सांगितले.

सर्वांत अवघड होते फिरवणे. दोन कुत्र्यांनी शेजारी शेजारी चालायला शिकावे, तर दोन माणसांनीही शेजारी चालायला हवे. पहिल्या दिवशी तापीच्या वाटेने मी जर्नेलला घेऊन पुढे आणि सोजरबाई खंड्याला घेऊन वीस हात मागे. दर आठवड्याला हात-दोन हात कमी. सहा हातांवर आलो तेव्हा शेजारच्या विमलबाईंनी गच्चीवर खुर्चीच मांडली. चार हातांवर मंदिराच्या पुजाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "कुत्र्यांचं शिक्षण." मागून आवाज आला, "खंड्या, सांग त्याहिले, उद्या तीन हात." सांगतो, त्या दिवशी मी रस्त्यात मोठ्याने हसलो. बासष्ट वर्षांत इतका मजेचा काळ मला मिळाला नव्हता.

कलम सहावे. किरकोळ सामान. हा शब्द येथे योग्य आहे. संस्थानी बटणांचा काळा कोट विनायकच्या फोटोखालच्या पेटीत आहे, तो कोणाही गरजूला द्यावा, बटणे काढून. पोस्टातली शिल्लक सोजरबाईंना. पितळी शिट्टी वर्गाला. गिरधर घाईत मोजफीत विसरून गेला होता, ती त्याला परत करावी. त्याच्या घडातली केळी गोड होती, हेही नमूद करतो.

येथे कागद संपला होता. रीतीप्रमाणे लीलाधर यांनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. साक्षीदार ओसरीवर होते, सोजरबाई दाराआड. तिसरे कलम वाचून झाले, चौथे, पाचवे, सहावे झाले. मी वाट पाहत होतो की आतून खंड्याला काहीतरी सांगितले जाईल. खंड्या लिंबाखाली झोपला होता. तो उठून आत जाईना.

मग दार पुरते उघडले. सोजरबाई ओसरीवर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझा भाऊ मला नाना म्हणे.

त्या म्हणाल्या, "नाना, खंड्या नऊ वर्षांचा झाला, जर्नेल आठाचा. कुत्रं बाराच्या पुढी जात नही. मी पन्नाशीची आहे. हे दोघं गेल्यावर मी कुठी जाऊ?"

बावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. हुशारीचे म्हणून जे कलम मी मिरवत होतो, त्यात मी त्यांना तीन-चार वर्षांची मुदत देऊन पुन्हा गिरधरच्याच दारात उभे केले होते. लोक काय म्हणतील या भीतीने मी कुत्र्यांच्या आड लपलो. त्यांना रिवाजाने कुत्र्याआडून बोलावे लागले. मला कोणी भाग पाडले नव्हते.

मी लीलाधर यांना म्हणालो, "तिसरं कलम खोडा." ते म्हणाले, "पूर्ण?" मी म्हणालो, "पूर्ण. काट मारा आणि शेजारी माझी सही घ्या."

कलम तिसरे, दुरुस्त. माझे प्रतापपुऱ्यातील घर, जमिनीसह, विहिरीच्या पाण्याच्या वहिवाटीसह, माझ्या मागे सोजरबाई विनायक महाजन यांच्या पूर्ण मालकीचे. विकोत, ठेवोत, कोणाला देवोत. कोणतीही अट नाही. कुत्री जिवंत असोत वा नसोत. गिरधरने किंवा कोणीही त्यास हरकत घेऊ नये. कारण लिहा, असे लीलाधर म्हणाले. कारण असे की त्यांनी हे घर सांभाळले, मला सांभाळले आणि मला माझा धंदा शिकवला.

कलम सातवे. पुढील रविवारपासून वर्ग सोजरबाई घेतील. मी हयात असलो तर खाली बसून शिकेन. त्यांना विचारले, शिकवाल ना? त्या म्हणाल्या, "शिकवीन. पण कोनी माह्यासमोर पडलं तं शिट्टीची वाट नका पाहू, आधी उचला."

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून दिले. वरील कलम तीनमधील खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली असून ती मला मान्य आहे.

मुक्काम बुऱ्हाणपूर, रविवार, दिनांक १७ डिसेंबर १९५०

सही : यादव शंकर महाजन

साक्षीदार :
१. श्रीकांत गोविंद वाणी, कापड दुकान, बुऱ्हाणपूर. यांचा टिपू पूर्वी पोस्टमनला चावत असे, हल्ली फक्त पाहतो.
२. प्रकाश दामोदर चौधरी, शाळामास्तर, बुऱ्हाणपूर. दोन कुत्र्यांचे धनी, वर्गाचे विद्यार्थी.

लेखक लीलाधर, अर्जनवीस. मृत्युपत्रकर्त्यास व साक्षीदारांस कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. दुसऱ्या वाचनाच्या वेळी सोजरबाई ओसरीवर आमच्यात बसून होत्या.