पुलाजवळची गाडी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक.

सध्या खाणीवर एकच विषय चाललाय. शहरासाठी नव्या अ‍ॅम्ब्युलन्स आल्या, त्यातली एक म्हणे तुमच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर उभी राहणार. जागा ठरवणारी तू, आणि कोपरा तुझ्याच गॅलरीतून दिसणारा! माझ्याबरोबरचा क्रेनवाला म्हणाला, ताईंनी आपल्याच पोळीवर तूप ओढलं. मी त्याला गप्प केलं, पण मनात पाल चुकचुकलीच. तुझ्या भावजयीला सातवा महिना लागलाय, आणि आम्ही पुलापलीकडे. खरं काय ते कळव.

लोभ आहेच, सध्या जरा शंकेखोर झालाय, एवढंच.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

लहानपणी सफरचंद मी कापलं की तू दोन्ही फोडी शेजारी धरून बघायचास. अजून तसाच आहेस. माझं काम ऐक. गाड्या मोजक्या, त्या उभ्या करता येतील असे कोपरे पुष्कळ. म्हणून गेल्या काही वर्षांत कुठून किती फोन आले ते घेतलं, आणि गाड्या कुठे ठेवल्या तर सगळ्यांचं वाट बघणं मिळून कमीत कमी होईल, ते कॉम्प्युटरवर मांडून काढलं. टाकीभोवती म्हातारी माणसं जास्त, फोन जास्त. तुमच्याकडून फोन जवळपास येतच नाहीत. माझी गॅलरी त्यात कुठेच नाही. रविवारी येते, तेव्हा तोंडावर विचार. भावजयीला जड उचलू देऊ नकोस.

आकड्यांवर विश्वास असलेली,
ताई

१८ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रविवारचं डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या शेजाऱ्याचा पाय दगडाखाली आला आणि कुणी फोनला हातही लावला नाही. सरळ खडीच्या ट्रकमध्ये घातलं त्याला. फोन करा म्हणून मी ओरडले, तर भावजय शांतपणे म्हणाली, वन्सं, मागे एकदा बोलावली होती ती गाडी; माणूस मलमपट्टी करून घरी आला, तेव्हा ती पोचली.

मी फोन मोजले होते, माणसं मोजलीच नव्हती. हॉस्पिटलात जाऊन विचारलं, ट्रकमधून, टेम्पोतून आलेले जखमी धरले आणि पुन्हा मांडलं. टाकीचा कोपरा सुटला, गाडी पुलाजवळ आली. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, तिकडे तुमचं कुणी राहतं का. मी हो म्हटलं. त्यांनी कागद सही न करता बाजूला ठेवला. मंजूर होईपर्यंत तुझ्या क्रेनवाल्याला कळू देऊ नकोस.

तुझीच,
ताई

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली! दोघी सुखरूप. अचानक कळा सुरू झाल्या, आणि फोन ठेवतोय तोवर पुलाजवळची गाडी दारात.

पण क्रेनवाला आता म्हणतो, बहिणीने भावासाठी गाडी आणली. आधी लोक तुला शिव्या घालत, आता कौतुक करतात, आणि हे मला जास्त टोचतं. खरं सांग, गाडी आकड्यांनी आणली की तू? रागावू नकोस. विचारल्याशिवाय झोप लागेना.

माया आटू देऊ नकोस.

पोरीचा बाप

७ जून

चि. धाकट्यास,
तिघांना आशीर्वाद, सगळ्यात छोटीला जास्त.

टाकीच्या कोपऱ्यावरचे लोक मला बघून रस्ता बदलतात. परवा सासूबाईंना दम लागला आणि गाडी यायला वेळ लागला. त्या आता बऱ्या आहेत, पण माझ्याशी तुटक बोलतात.

तुझ्या प्रश्नाचं सांगते. साहेबांनाही तीच शंका होती. म्हणून तुझं घर नकाशावरून काढून टाकलं आणि सगळं पुन्हा मांडलं. तरी गाडी पुलाजवळच आली. तो कागद पाहून त्यांनी सही केली. तुझंही समाधान व्हावं.

माझं झालेलं नाही. ते उत्तर येईपर्यंत मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. वेगळं आलं असतं, तर तो कागद साहेबांपुढे नेला असता का, हे मला अजून ठरवता येत नाही. ते मात्र तू विचारू नकोस.

पोरीचा फोटो पाठव, आणि बहिणीवर जीव असू दे.

ताई