होकायंत्र घेऊन येळवशीला

१२ डिसेंबर
डोंगरवाटा ग्रुपचा लीडर मी. भूगोल शिकवतो, दुसरं कोण होणार? आज विज्ञानाच्या महेश्वरी मॅडमनी मीटिंगमध्ये विषय काढला, की मागच्या ट्रेकला सरांच्या नकाशानं सगळे उसाच्या फडात शिरले. फड नकाशात नव्हता, यात माझी काय चूक? त्यांचं म्हणणं, फोनवर जीपीएस असताना कागद कशाला. शेवटी ठरलं: तामलवाडीहून माथ्यावरच्या महादेवापर्यंत दोघांनी आपापलं जायचं. त्या जीपीएसनं, मी नकाशानं. आधी पोचंल तो लीडर. बिचाऱ्या मॅडम.

१४ डिसेंबर
तारीख मीच निवडली. १९, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळी जनता शेतात, कडब्याच्या कोपीपाशी पूजा करून जेवत असते. रस्ते ओस. डिस्टर्बन्स शून्य. याला म्हणतात प्लॅनिंग.
उद्यापासून पहाटे चालायची प्रॅक्टिस.

१७ डिसेंबर
थंडी लई. प्रॅक्टिस रद्द. स्टॅमिना मुळातच आहे.
होकायंत्राची सुई अडकत होती. गोडेतेल सोडलं. आता मस्त फिरते. थांबत नाही एवढंच.

१९ डिसेंबर, सकाळी १०
सातला निघायचं होतं, स्वेटर सापडंना. मॅडम थांबल्या होत्या. कानात इअरफोन. जीपीएसमधली बाई डावीकडं वळा, उजवीकडं वळा सांगते म्हणे. माणसानं इतकं परावलंबी असू नये.

दुपारी
पहिल्या शेतातून गोरोबानं हाक मारली, जेवून जावा. येळवशीला बोलावल्यावर न जेवता जाणं म्हणजे त्यांचा अपमान. भज्जी, बाजरीचे उंडे, तांब्याभर आंबील. दहा मिनिटांत उरकलं.
पुढच्या शेतात नागम्मा आजी. म्हणाल्या, गोरोबाकडं जेवलास, आमचं काय खारट हाय व्हय? बसलो. बूड भिजू नये म्हणून नकाशा अंथरला. नंतरच्या शेतात लांबूनच बघून पान वाढून ठेवलेलं. आंबील जास्त झाली. जरा पाठ टेकतो, मग एका दमात डोंगर.

संध्याकाळी
उठलो तर ऊन उतरलेलं. डोंगर तिथंच. ग्रुपवर मॅडमचा देवळासमोरचा फोटो, दुपारचा. फोन करून विचारलं, तुम्हाला कुणी जेवायला बोलावलं न्हाय? म्हणाल्या, बोलावलं असंल, इअरफोनमुळं ऐकूच आलं न्हाय.
हे काय नेव्हिगेशन झालं? माणुसकी सोडली की कुणीही पोचंल.

२१ डिसेंबर
मीटिंग. निकाल अमान्य, असा मुद्दा मी मांडला. मॅडमनी विचारलं, तुम्ही कुठवर पोचलात? नकाशाप्रमाणं बरंच पुढं, म्हणालो. ग्रुपमधला शंभुलिंग म्हणाला, सर झोपले ते शेत माझ्या मावशीचं, तिथून तामलवाडीचा एसटी थांबा दिसतो. अर्धा ग्रुप हसून खाली बसला.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्ही या की ट्रेकला. फक्त माझ्या मागं राहा. कुणी जेवायला बोलावलं तर मी बोलते."
पाचवीतल्या पोराला सांगावं तसं. लई लागलं मनाला. एवढी वर्षं सगळ्यांच्या पुढं मी चालायचो.
घरी आल्यावर बायकोला सांगितलं, यंदा जबाबदारी जरा कमी करून घेतली, डेप्युटी लीडर आहे. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मग डबा देऊ, का शेतातच जेवताल?"
डबा दे म्हणालो.