मार्सेयचं पिंडदान

॥ बिरोबा प्रसन्न ॥
मार्सेय, दि. ८ जून २०२५

तीर्थरूप आईस,
सुकन्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप पोचले. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो स्वप्नावहिनीच्या मोबाईलवर पाठवतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. साक्षरता वर्गात शिकलीस ते आता कामाला येऊ दे.

मेंढ्यांच्या रोगांचं प्रशिक्षण उद्यापासून आहे, म्हणून आज शहर बघून घेतलं. समुद्र इतका निळा की खोटाच वाटतो. बंदराच्या काठावर सकाळीच मासळी मांडून बसतात, आणि ओरडायला आपल्या आठवडी बाजाराला मागे टाकतील. शहरामागचे डोंगर पांढरे, बोडके, काटेरी झुडपांचे. बघितल्याबरोबर मेंढरं सोडावीशी वाटली. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड जात नाही, त्यामुळे जेवायचं कधी तेच कळत नाही. सगळ्यात उंच टेकडीवर देऊळ आहे आणि त्याच्या शिखरावर लेकरू घेतलेली सोन्याची आई. कुठल्याही गल्लीतून मान वर केली की दिसते. इथले लोक तिला ‘चांगली आई’ म्हणतात.

हरिओमदादा हॉटेलवर भेटायला आला. अंगाला अत्तराचा इतका वास की आपला मेंढा असता तर पळून गेला असता. बोलला गोड, पण घरी ये म्हणाला नाही. दुपारी त्याची बायको क्लेअर स्वतःच गाडी घेऊन मला न्यायला आली. स्वभावानं लाख बाई आहे.

आई, पुढचं लिहू की नको असं झालंय. घरात शिरले तर समोर भिंतीवर तुझा फोटो, आणि फोटोला हार. वाटलं, परक्या मुलखातली बाई, शोभेसाठी घातला असेल. तेवढ्यात तिने मला मिठी मारली, डोळे पुसले आणि इंग्रजीत म्हणाली की गेल्या जूनमध्ये तुमची आई वारली तेव्हा येता आलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. दादा ओट्याकडे तोंड करून कप विसळत उभा होता.

नंतर जिन्यात धरला त्याला. म्हणाला, क्लेअर सारखी आईला भेटू म्हणत होती, आणि सासऱ्याला तर त्यानं सांगितलंय की आमी मोठे जमीनदार हाय. मग मेंढरामागं फिरणारी आई कुठून दाखवायची, म्हणून सांगितलं की गेली. तोंड उघडलं असतं तर तिथेच त्याचा गळा धरला असता, म्हणून तशीच हॉटेलवर निघून आले. तीन आठवडे इथे आहे. काय करू ते कळव.

तुझी,
सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥
लिंबागणेश, दि. १२ जून २०२५

चि. सुकन्या हिस,
आईचे पोटभर आशीर्वाद. पत्र माझं मी वाचलं. आता मी सांगतेय आणि स्वप्ना लिहितेय.

इकडं खुशाली आहे. दोन मेंढ्या व्याल्या. तू तिकडं उपाशी राहू नको, लसणाची चटणी दिलीय ती पुरवून खा.

आता हरिओमचं. तुझा बाप गेला तेव्हा त्याला सुट्टी न्हवती. चुलत भावानं, ह्या स्वप्नाच्या आदिनाथनं, अग्नी दिला आणि डोकंही त्यानंच भादरून घेतलं. ह्याचा एक केस कमी झाला न्हाई. तेव्हा मी गिळलं. आता मला मारलंय ना, मग रीतीनं मारावं. सुनेला सांग की सासूला जाऊन वर्ष झालं, लेकानं केस दिले न्हाईत म्हणून ती अडकून पडलीय. त्याचं डोकं कर, समुद्राकाठी त्याच्या सासू-सासऱ्याला बोलाव, पिंड ठेव. न्हाई म्हणायची त्याची हिंमत होणार न्हाई. न्हाई म्हटलं तर कावून म्हणून बायको विचारील.

आणि पिंडाला पाखरू शिवू देऊ नको. तिकडं कावळा नसंल तर जे असंल ते हाकल. त्याला म्हण, आईची इच्छा राहिलीय, ती बोलून दाखव. कुठली, ते त्याला कळतं. बोलेपर्यंत उन्हात बसव.

जित्या माणसाचे पिंड अभद्र, असलं काही मला शिकवू नको. माझं बिरोबा बघून घेईल. तू कच खाल्लीस तर तू माझी लेक न्हाईस. त्या टेकडीवरच्या सोन्याच्या बाईला माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुझ्या पायथ्याशी राहून पोरानं मला गाडलं, तू नुसती बघत बसलीस.

माया आहे तशीच आहे, ती ह्या पोराच्या वाट्याची धरून आता तुलाच.

तुझी आई,
बायडाबाई

ता. क. वन्सं, पत्र वाचल्यापासून काकूंनी भाकरीला हात लावला नाही. हे त्यांनी लिहू दिलं नसतं. – स्वप्ना


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मार्सेय, दि. २२ जून २०२५

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी जेव. मग वाच.

तू सांगितलंस तसंच केलं. क्लेअरला वर्षश्राद्धाचं सांगितलं तर मलाच लाज वाटली, इतक्या मनापासून तिने सगळं मांडलं. भात तिनेच शिजवला. न्हाव्याकडेही तीच घेऊन गेली. दादाचे ते मागे वळवलेले, तेल चोपडलेले केस खाली पडत होते आणि तो आरशातून माझ्याकडे बघत होता. मी नजर हटवली नाही.

आज सकाळी खडकावर बसलो. सासू-सासरे काळे कपडे घालून आलेले. इथे कावळ्याचं काम समुद्रपक्षी करतात. ते हातातला पाव पळवतात, पिंड कशाला सोडतील? क्लेअरची छत्री घेऊन मी उभीच राहिले. एकेकाला असं हाकललं की लांडग्यालाही कधी हाकललं नसेल. सासऱ्याने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, आईची इच्छा राहिलीय, मुलाने ती बोलून दाखवली की मगच पाखरू शिवतं.

दादा म्हणाला, आईची आठवण काढतो. मी हाकलत राहिले. म्हणाला, तिच्या नावानं दान करतो. मी हाकलत राहिले. ऊन चढलं, त्याचं नवं डोकं लाल झालं. आपल्या भाषेत हळूच म्हणाला, सुकन्ये, बास कर, लई झालं. मी म्हटलं, बापाच्या वेळी आदिनाथदादाचंही असंच भाजलं होतं.

मग तो रडायला लागला आणि त्यांच्या भाषेत बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण क्लेअरचं तोंड पांढरं पडलं. तिने मला विचारलं, खरं का? मी मोबाईल काढला आणि तू कोकरू घेऊन उभी असलेला, वहिनीने आज सकाळीच पाठवलेला फोटो दाखवला. मग छत्री मिटली. पाखरांनी ताट साफ केलं.

सासू-सासरे तिथूनच निघून गेले. क्लेअरने घरी येऊन हार उतरवला. दादा म्हणतो, दिवाळीला दोघं येतो, आईच्या पाया पडतो. तुझ्याशी बोलायचंय म्हणून वहिनीच्या मोबाईलवर सारखा फोन करतोय. मला आता त्याची थोडी कीव येते, हेही लिहून टाकते.

तुझी,
सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥
लिंबागणेश, दि. २५ जून २०२५

चि. सुकन्या हिस,
अनेक आशीर्वाद. जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, स्वप्नाला विचार.

कीव तुझी तुझ्यापाशी ठेव. फोन वाजतोय, स्वप्ना पुढं धरतेय, मी घेत न्हाई. पिंड दिल्यावर कोण फोन घेतं?

दिवाळी नको. दिवाळीपर्यंत त्याचे केस वाढतील आणि जसं काही झालंच न्हाई असा भांग पाडून येईल. म्हणावं, महिन्याच्या आत ये. सुनेसाठी हिरवं लुगडं काढून ठेवलंय, तिची ओटी मी भरीन, तिला घरात आधी घेईन. त्यानं टोपी घालायची न्हाई, रुमाल बांधायचा न्हाई. गणपतीच्या देवळापुढनं, भर बाजारातनं चालत यायचं. असलं डोकं बघून गाव विचारणार, कोण गेलं म्हणून. ज्यानं त्यानं विचारावं, आणि त्यानं एकेकाला सांगावं.

एकटा पडंल, अशी काळजी करू नको. एसटी थांबते तिथं मीच त्याला घ्यायला येणार हाय. शेवटचा माणूस विचारून जाईपर्यंत त्याचा हात धरून उभी राहीन.

तुझी आई,
बायडाबाई