कंट्रोलच्या ब्लॉकमधील रुग्णास परत बोलावण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : ब्लॉक क्र. ११७ कापणे थांबवून संबंधित रुग्णाची पुन्हा तपासणी करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एकमेव उत्तर.

महोदय,

१. मी पॅथॉलॉजी विभागात बावीस वर्षे स्लाइड रंगवते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते टिकले आहे की नाही, हे आमचा रंग दाखवतो. असेल तिथे पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. ते गेले की पेशी सुटतात, आणि सुटलेली पेशी कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

२. रंग नीट चढला का, हे कळावे म्हणून रोज निरोगी आतड्याचा एक काप सोबत रंगवतात. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या गाठीपासून दूरचा, निरोगी ठरलेला तुकडा त्यासाठी मीच निवडला. रेघा इतक्या सुरेख उमटत की विचारू नका! कंट्रोल तपकिरी झाला की बाजूला ठेवायचा. त्याला निरखून कोण बघतो? मीही बघितले नाही.

३. तो तुकडा मेणात बसवलेला आहे, तोच ब्लॉक क्र. ११७. रोज काप घेत आम्ही त्यात खोल उतरलो. गेल्या महिन्यात कोपऱ्यात चार-पाच सुट्या पेशी दिसल्या, एकीलाही रेघ नाही. रिपोर्ट देणाऱ्यांची चूक नाही, हा थर त्यांच्यासमोर आलाच नव्हता. विभागातल्या डॉक्टरबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "हे बरं दिसत नाही. दुसरा रंग लावून खात्री करायला हवी, पण वरून कागद आल्याशिवाय मी काय लिहू?"

४. आपले उत्तर आले : 'कंट्रोल हा रुग्ण नसल्याने त्याचा रिपोर्ट देता येत नाही. नमुना निनावी असल्याने नाव उघड करता येत नाही. समितीच्या बैठकीपर्यंत तोच ब्लॉक वापरावा.' धन्य आहे! म्हणजे जो पुरावा आहे, तो आम्हीच रोज सकाळी कापून संपवतो. जेमतेम तीस काप उरलेत.

५. ताकाला जाऊन भांडे लपवत नाही. काल मी परवानगीविना रजिस्टर उघडून त्या रुग्णाचा नंबर काढला व फोन केला. तो माणूस न्हावी आहे. "गिऱ्हाईक खुर्चीत आहे, पटकन बोला," म्हणाला. पोट अधूनमधून दुखते, पण तुम्हीच मोकळे सोडलेत म्हणून दुर्लक्ष करतो, असे त्याने हसत सांगितले. सोमवारी दहाला साहेबांना भेटा, एवढेच मी बोलले. त्याने विचारले, "काळजीचं काही नाही ना, ताई?"

मी 'नाही' म्हणाले. इतके धडधडीत खोटे मी आजवर बोलले नव्हते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

६. माझ्यावर जी कारवाई करायची ती मंगळवारी करावी. सोमवारी दहाच्या आत सोबतच्या फॉर्मवर तेवढी सही व्हावी, ही हात जोडून विनंती. तो दुकान बंद ठेवून येणार आहे. सही नसेल, तर त्याला काय सांगायचे ते आपणच समोर बसून सांगावे. मला पुन्हा 'नाही' म्हणता येणार नाही.

आपली नम्र, पण एवढ्या बाबतीत न ऐकणारी,
(सही)
तंत्रज्ञ, पॅथॉलॉजी विभाग
दि. १७, शुक्रवार

सोबत :
१) फेरतपासणीचा फॉर्म. सहीच्या जागी पेन्सिलने खूण केली आहे.
२) कालची कंट्रोल स्लाइड. कृपया उजवा कोपरा पाहावा.
३) ब्लॉक क्र. ११७, उरला आहे तेवढा. आज सकाळी मी तो कापला नाही.