नवऱ्याला एखादी सवय दे

॥ श्री ॥
बोरिवली,
९ जुलै १९८४

चि. सौ. वनमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गोष्ट पोचली. माझ्या धाकट्या बहिणीने वाण्याच्या यादीपलीकडे कधी काही लिहिलं नाही, आणि एकदम गोष्ट! वर चिठ्ठी, की ताई, तुझं लिखाण दिवाळी अंकांत छापून येतं, तर मलाही शिकव. शिकवते. पण नंतर मुळूमुळू रडायचं नाही.

पहिलं पान अख्खं काढून टाक. नळावरची गर्दी, रुक्मिणीचे टपोरे डोळे, काही नको. राजाराम बायकोला ओव्हरटाइम आहे म्हणून सांगतो आणि शेजारणीला साकीनाक्यावर परक्या बाईबरोबर दिसतो, तिथूनच सुरुवात कर. मग "रुक्मिणीला संशय आला" हे वाक्य पानोपानी आहे, ते खोड. संशय आला म्हणून सांगायचा नसतो. तिला राजारामच्या चपला उलट्या करून तळाला कुठली माती लागलीय ते बघू दे, वाचक काय ते समजतो. आणि ती शेजारीण! डोळ्यांनी सगळं बघते आणि रुक्मिणीला चकार शब्द सांगत नाही. का? गप्प बसण्याला कारण दे, नाहीतर वाचक तिलाच लबाड म्हणेल.

हे झालं गोष्टीचं. आता मोठी बहीण म्हणून विचारते, खरं सांग. चंद्रप्रकाशराव हल्ली ओव्हरटाइमला किती वेळा थांबतात? तुझा राजाराम फिटर, तुझा नवराही फिटर. मी काही दूधखुळी नाही गं. हे नेमके नाशिकला फिरतीवर आहेत, नाहीतर त्यांनाच विक्रोळीला तुझ्याकडे पाठवून दिलं असतं.

लगेच उत्तर लिही. जीव टांगणीला आहे.
तुझी,
सुगंधाताई


॥ श्री ॥
विक्रोळी,
१६ जुलै १९८४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, काय हे! ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर हसून हसून चहा सांडला. म्हणाले, ताईंना सांग की मला घरची एक सांभाळता येत नाही. ओव्हरटाइम करून येतात आणि जेवता जेवता पेंगतात, हे तुला ठाऊक आहे. मला फक्त कारखान्यातलंच काय ते माहीत, म्हणून राजारामला फिटर केलं. त्यापलीकडे काही नाही.

तुझ्या शेजारणीच्या मुद्द्यावर मात्र मी अडकले. शेजारणीऐवजी रुक्मिणीची सख्खी बहीण केली तर? तिने बघितलंय. सांगितलं तर बहिणीचं घर मोडेल. नाही सांगितलं तर बहीण जन्मभर फसत राहील, आणि ही रोज तिला बघत राहील. ताई, तू रुक्मिणीच्या जागी असतीस तर तुला कळलेलं आवडलं असतं का? गोष्टीसाठीच विचारते.

भाऊजी आले का नाशिकहून? पावसाळ्यात तुझे पाय धरतात, फार दुखत असले तर चालणं कमी कर, मी रविवारी येऊन कपडे धुऊन देईन.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
वनमाला


॥ श्री ॥
बोरिवली,
२१ जुलै १९८४

चि. सौ. वनमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"गोष्टीसाठीच विचारते" या शब्दांखाली रेघ कोण मारतं गं? नुसतं लिहिलं असतंस तर विश्वास ठेवला असता. चंद्रप्रकाशरावांचं चहा सांडणंही मला पटलं नाही. खरा निर्दोष माणूस आधी चिडतो. तुझ्या मजल्यावरच्या प्रेमावहिनी परवा इथे भाचीकडे आल्या होत्या. त्यांना सांगून ठेवलंय, की राव घरी कधी येतात, कुठून येतात, जरा डोळ्यांत तेल घालून बघा. तुला राग येऊ दे. आई नाही, तर हे मलाच करायला हवं.

सख्खी बहीण हे मात्र झकास सुचलं. आता ती गप्प का, ते विचारावं लागत नाही. आणि तू विचारलंस म्हणून सांगते, मी रुक्मिणी असते तर मला कळायला हवं असतं. लोकांनी माझ्या पाठीमागे माझी कीव करावी आणि मी मात्र पोळ्या लाटत बसावं, हे मला सोसलं नसतं. एकदा कळलं की बाईला निदान काहीतरी करता येतं.

आता तुझा राजाराम. तो म्हणजे खुंटीला लावलेला शर्ट झालाय, आत माणूसच नाही. नवऱ्याला एखादी सवय दे. डोक्यातून काढलेली नको, कुणाची तरी डोळ्यांनी बघितलेली दे. आणि ती घरात नको, त्या दुसऱ्या बाईबरोबर असताना दाखव. वाचकाला बायकोच्या जरा आधी कळायला हवं. ती बिचारी मागून येत असते, तिथेच वाचकाचा जीव अडकतो.

हे आले आणि गेलेसुद्धा. गुरुवारी पुन्हा नाशिक. त्यांच्या कंपनीचे रंग नाशिककर खातात की काय कोण जाणे.

काळजी घे आणि काही लपवू नकोस.
तुझी,
सुगंधाताई


॥ श्री ॥
विक्रोळी,
२ ऑगस्ट १९८४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गोष्ट पुन्हा लिहून सोबत पाठवते आहे. तू म्हणालीस तशी सवय दिली. बरी नसली तर फाडून टाक, मला काही वाटणार नाही. खरं तर फाडलीस तर बरंच.

प्रेमावहिनींनी वाट लावली आहे. काल हे दुधाच्या बाटल्या आणायला खाली उतरले, तर त्या मागोमाग केंद्रापर्यंत गेल्या आणि ह्यांनाच माझ्या बाटल्या धरा म्हणाल्या. त्यांना आवर गं.

ताई, माझ्यावर कधी रागावू नकोस, एवढंच मागते.
तुझी,
वनमाला


बोरिवली,
६ ऑगस्ट १९८४

वनमाला,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. शेवटी लिहीन.

साकीनाक्याच्या खानावळीत राजाराम, ती बाई आणि तिची लहान मुलगी जेवायला बसतात. तो बांगड्याचे काटे काढतो आणि साफ केलेला मासा मुलीच्या ताटात ठेवतो. तिथे तू लिहिलंयस, "भाऊजींनी काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले." सगळीकडे राजाराम, आणि त्या एका ओळीत भाऊजी. मी लाल पेनाने चूक म्हणून गोल केला आणि पुढे वाचत गेले. पुढचं पान संपत आलं तेव्हा थांबले. वनमाला, राजाराम कुणाचा भाऊजी गं?

लग्नानंतर पहिल्या वर्षी हे माझ्या ताटात अस्सेच काटे काढून मासा ठेवायचे. तू समोर बसून चिडवायचीस. आता जेवताना ते पेपर वाचतात.

काल नाशिकहून आले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तिथल्या पावसाचं असं वर्णन केलं असतं की मी विश्वास ठेवला असता, कारण मला ठेवायचाच होता. मला त्यांच्यापेक्षा माझीच भीती जास्त वाटते.

तुझाही राग आला. महिनाभर मी तुला वाक्यं खोडायला शिकवत होते आणि तू मला तोंडावर सांगायचं धाडस गोळा करत होतीस. मग मीच म्हटलेलं आठवलं, की मला कळायला हवं असतं. ते बोलणं सोपं होतं. चंद्रप्रकाशरावांची माझ्या वतीने माफी माग. भला माणूस, मी त्याच्यामागे प्रेमावहिनी सोडल्या.

आता मला गोष्ट नको. ती बाई कोण, मुलगी कुणाची, हे मी ह्यांच्याकडूनच वदवून घेईन. तू एकच सांग, जे ते मला कधीच खरं सांगणार नाहीत. तिथे बसले होते तेव्हा ते हसत होते का?

अनेक आशीर्वाद.
सुगंधाताई


विक्रोळी,
८ ऑगस्ट १९८४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकवेना, म्हणून ह्यांच्याच हाती पाठवते आहे. रजा टाकून येताहेत. तू भाऊजींशी बोलणार असलीस तर हे खाली थांबतील. कपडे भरून इकडे यायचं ठरवलंस तर बॅग उचलतील. काही विचारणार नाहीत. मी बाहेरच्या खोलीत तुझं अंथरूण घालून ठेवलंय.

तू विचारलंस त्याचं उत्तर. हो, हसत होते. ती मुलगी घास तोंडात ठेवून काहीतरी बोलली आणि भाऊजी मोठ्याने हसले. मी खानावळीसमोर बसची वाट बघत होते, त्या हसण्याच्या आवाजानेच वळून बघितलं. ताई, ते भाऊजी आहेत हे मला बराच वेळ ओळखूच आलं नाही. असं हसताना मी त्यांना तुझ्या घरी कधी बघितलंच नव्हतं.

तुझीच,
वनमाला