बाईच्या हाताची गाडी

मैत्रेयीचे बाबा,

तुम्ही लपवलेली गाडीची चावी मले गव्हाच्या कोठीत सापडली. वेचणीच्या बाया घेऊन मी फुलसावंगीले चालली. कापसाचा भाव पडला तवापासून या गाडीच्या फेऱ्यांवरच घर चालून राह्यलं, तिले अंगणात उभी ठेवून जमत नाई.

काल तुम्ही चार लोकांत म्हटलं, गाडी बाईच्या हाताले मानत नाई, म्हणून पेट्रोल पंपावर बंद पडते. तुम्ही अन् मामाजी, दोघं बापलेक, बाजारात गेले तवा मी बोनेट उघडलं. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा एक छोटा व्हॉल्व असते. करंट भेटला तरच तो उघडाले पाह्यजे. ढाणकीच्या तारिक मिस्त्रीनं फोनवर सांगितलं तसा मी तो काढला अन् तोंडानं फुंकला, तर हवा आरपार. बॅटरीवरून दोन वायर लावल्या, तर साधं टक् नाई वाजलं. तो उघडाच अडकला. टाकी भरली की सारी वाफ इंजिनात घुसते, मंग गाडी चालू होत नाई. आज वाफेची नळी बुजवून नेते, येताना नवा व्हॉल्व आणते.

गाडी माह्याच हातून बंद पडते, हे खरं आहे. टाकी मीच भरते. तुमच्या हातून बंद पडाले तुम्ही तिले पंपावर नेली कधी? हे मामाजीलेही वाचून दाखवजा.

चावी आता माह्या कमरेले राहील. तरी शोधाले कोठी उपसलीच, तर गव्हात सोंडे झाले आहेत, तेवढे चाळून ठेवजा.

शीला