खालच्या दातांविषयी

शनिवार, १४ सप्टेंबर
दुपारचे साडेतीन

तीर्थरूप ताईस,

बारक्याचा नमस्कार. शाळेत शिकवलं होतं की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकी मोठ्यांना तीर्थस्वरूप. पण मला आई आठवते ती फोटोतलीच. डब्यापासून तापातल्या जागरणापर्यंत माझं सगळं तू केलंस. तेव्हा मास्तरांनी गुण कापले तरी चालतील.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय ठणठणीत, म्हणजे माझ्याशी रोज भांडण्याइतकी ताकद आहे. मुलीला नोकरी लागली, आता ती मलाच उपदेश करते. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. भावोजींचा गुडघा कसा आहे? शाळेच्या गणवेशांचं काम उरकलं का?

पत्र पाहून म्हणशील, "याला फोन करायला काय झालं होतं?" अगं, फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोलू दिलंस की मी हवापाण्यावर घसरतो. कागद मध्येच तोडत नाही.

दहा महिने झाले, मी तुझ्याकडे फिरकलो नाही. कधी कामाचा रेटा, कधी पाठदुखी, कधी पाहुणे. परवा तुझी भावजय म्हणाली, "ताईंनी विचारलं, माझं काही चुकलं का गं? बारक्या येत का नाही?" तुझं काही चुकलेलं नाही.

ताई, तुझी फार आठवण येते. तुझ्या खिडकीजवळचं शिलाई मशीन, त्याच्या शेजारचं ते डुगडुगणारं स्टूल, खडूच्या चपट्या वड्या. मी स्टुलावर बसायचो आणि तू तोंडात चार टाचण्या धरून जगभराच्या गप्पा मारायचीस. दोरा दातांनी तोडायचीस. भावोजी कात्री पुढे करायचे, तू म्हणायचीस, "माझी कात्री तोंडातच आहे." पुढच्या दोन दातांतल्या फटीतून शीळ घालायचीस, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. लहानपणी त्या शिळेवर मी खेळ अर्धा टाकून घरी धावायचो. आता बावन्न वर्षांचा आहे, पण कधी कधी लॅबमधून घरी परतताना मान वळवून बघतो. कोणी नसतं.

मागच्या वेळी आलो तेव्हा तुझी वरची कवळी नवी होती. तू दोरा कात्रीने कापलास. हसताना तोंडावर हात धरलास. सबंध आयुष्यात तुला तोंड झाकून हसताना मी पाहिलं नव्हतं. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस, "बसलीय मात्र छान रे. कोणी केलीय कोण जाणे, पण हात चांगला आहे." मी म्हणालो, बस चुकेल. बसला अजून तासभर होता.

ती कवळी मी केली होती, ताई.

लिहिलं एकदाचं. जरा उठून पाणी पिऊन आलो.

आता नीट सांगतो. आमच्या लॅबमध्ये दवाखान्यांकडून तोंडाचे साचे येतात, प्लास्टरचे. साच्यावर नाव नसतं, नंबर असतो. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलंय तेवढं करायचं आणि डॉक्टरांना का म्हणून विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दात काढल्या दिवशीच कवळी बसवायची असली, तर साच्यावरचे प्लास्टरचे दात आधी आम्ही करवतीने कापून टाकतो, मग त्या जागी मेणात नवे दात रोवतो. म्हणजे माणसाचे दात आधी माझ्या टेबलावर पडतात, मग खुर्चीत.

त्या दिवशी ट्रेमध्ये जो साचा आला, त्यात पुढच्या दोन दातांत फट होती आणि डाव्याच्या कडेला बारीकशी खाच. सुईएवढी. चाळीस वर्षं दोरा तोडून पडलेली. नंबरावरून मी कुणाला ओळखत नाही, पण ती खाच मी माझ्या हातावरच्या रेषांसारखी ओळखतो.

आणि त्याच्या आधी आठच दिवस तू फोन केला होतास. "अरे, दोन दात हलत होते म्हणून गेले, तर डॉक्टर म्हणतात वरचे सगळेच काढून टाका, कटकट संपेल. तू त्या धंद्यातला. तुला काय वाटतं?" दवाखान्याचं नाव तू सांगितलंस, आणि माझी दातखिळी बसली. आमच्या लॅबचं निम्मं काम तिथून येतं. मालक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात म्हणजे विचार करूनच सांगत असतील." तू लगेच म्हणालीस, "तू म्हणतोस ना, मग झालं." इतका विश्वास टाकतात का गं कोणावर?

प्लास्टरवरून मुळं दिसत नाहीत. कदाचित डॉक्टर बरोबरही असतील. मी कारागीर, वैद्य नव्हे. पण "दुसरीकडे दाखव, एक्स-रे घेतलाय का विचार" एवढं तर मला सांगता आलं असतं. साचा हातात आल्यावरही फोन करता आला असता, चार दिवस होते. मी मूग गिळून बसलो आणि करवत उचलली. मग पाप धुवायला म्हणून आयुष्यातली सगळ्यात चांगली कवळी केली. मालकांनी पाठ थोपटली. तुझ्याकडे मी का येत नाही, ते हे.

हे सगळं मी कदाचित मरेपर्यंत लिहिलं नसतं. पण गुरुवारी माझ्या ट्रेमध्ये तुझा खालचा साचा आला. तोच नंबर. चिठ्ठीत लिहिलंय, सगळे काढायचे, बुधवारी. घरी विचारलं तर तुझी भावजय म्हणाली, हो, ताईंना या महिन्यापुरती सवलत मिळालीय.

सवलत! ताई, तू कापड घ्यायला गेलीस की दुकानदाराला घाम फुटतो. ठाण उजेडात नेतेस, उलटं करून बघतेस, टोक ओढतेस, धुतल्यावर आटेल का विचारतेस, आणि समाधान झालं नाही तर पुढच्या दुकानात जातेस. सवलत ऐकली की तूच म्हणतेस, "कुठेतरी डाग असणार." मग स्वतःच्या तोंडाचं माप देताना एवढी मुकाट कशी झालीस? पांढरा कोट दिसला म्हणून? की मी म्हणालो म्हणून?

बुधवारच्या आधी त्यांना विचार. सगळ्यांचं मिळून नको, एकेका दाताचं विचार: हा का काढायचा? हिरड्यांवर उपचार करून वाचेल का? वर्षभर थांबलं तर काय बिघडेल? एक्स-रे माग आणि घरी घेऊन ये. लाजू नकोस, तोंड तुझं आहे. तो एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, ज्यांचं काम आमच्या लॅबकडे येत नाही अशांना. अशा एका डॉक्टरांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. पटला नाही तर तुझा तू शोध. आणि एक गोष्ट बनवणारा म्हणून सांगतो, ती तुला कोणी सांगितली नसेल. खालची कवळी वरच्यासारखी घट्ट धरत नाही. जीभ तिला सारखी उचलते. पुष्कळ लोक ती शेवटी डब्यात ठेवून देतात.

त्या डॉक्टरांनीही काढायलाच सांगितलं, तर काढ. मग खालची मीच करीन, आणि या वेळी तुला समोर बसवून, सांगून करीन.

तो साचा मी मालकांकडे परत नेला. म्हणालो, ही माझी बहीण आहे, मी करवत लावणार नाही. ते फारसे रागावले नाहीत. म्हणाले, "तू नाही केलीस तर पलीकडच्या टेबलावर होईल." खरंच आहे ते. माझ्या नकाराने तुझा एकही दात वाचत नाही. पुढे ते मला ठेवतात की काढतात ते बघू. घरी सांगितलंय, तुझी भावजय पहिल्यांदाच भांडली नाही.

उद्या काम आहे, नाहीतर हे पत्र घेऊन मीच आलो असतो, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? उद्या रविवार, मी मोकळाच आहे. तुझ्या दारात उभं राहायची हिंमत नाही. म्हणून आपल्या मुलीच्या हाती पाठवतोय. ती आत्याला पत्र देईल आणि तुझं वाचून होईपर्यंत काही बोलणार नाही.

माझ्यावर हवी तेवढी रागाव. वर्षभर बोलू नकोस, मी सोसेन. पण बुधवारी त्या खुर्चीत विचारल्याशिवाय बसू नकोस.

तू विचारलंस तेव्हा काय सांगायला हवं ते ज्याला माहीत होतं, तो
तुझा बारक्या